गल्ल्यातल्या चिल्लरीतून चांदीची नाणी कशी वेगळी काढायची?

जांभळीनाका_गल्ला

नमस्कार मंडळी. ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यातून वर्षानुवर्षं "हे जरा वेगळं दिसतंय" म्हणून बाजूला टाकलेली नाणी स्टीलच्या दोन डब्यांत साठली आहेत. वजन ६ किलो ३०० ग्रॅम. नया पैसा, राणीछाप, वाघाचा रुपया, गांधीजींची नाणी, थोडी अमेरिकेची चिल्लर, सगळं एकत्र. काही काळी पडली आहेत, काहींवर हिरवं चढलंय, काहींना लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू चिकटलंय.

सराफाकडे सगळा डबा नेऊन ओतायचा नाही. घरीच चांदीची आणि बिनचांदीची वेगळी करायची आहेत. कोणत्या सालापर्यंत चांदी धरायची? लोहचुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, हे खरं का? आणि निवडून झाल्यावर ठेवायची कशी? ठाण्याच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटातसुद्धा ओल येते.

चवली_पावली

पहिलं काम म्हणजे काहीही धुऊ नका, घासू नका. निवड पूर्ण होईपर्यंत नाण्याला फक्त कडेने धरा.

तुमचा चुंबकाचा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. चिकटलं तर चांदी नाही, हे पक्कं. पण चिकटलं नाही तर चांदी, हे चूक. चुंबकाने पोलाद आणि शुद्ध निकेल बाहेर पडतं. वाघाचा १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो वजनाला चांदीच्या रुपयाइतकाच, ११.६६ ग्रॅम भरतो, म्हणून नुसत्या वजनावर माणूस फसतो, पण चुंबकाला टपकन चिकटतो. १९४६-४७ च्या अधेल्या (आठ आणे) आणि पावल्याही (चार आणे) निकेलच्याच. स्वातंत्र्यानंतरचे १९५० पासूनचे निकेलचे रुपये, पन्नास आणि पंचवीस पैसे चिकटतात. हल्लीची पोलादी नाणीही चिकटतात.

न चिकटणाऱ्या ढिगात ॲल्युमिनियम (हातात घेताच हलकं लागतं), पितळी-तांबूस नाणी आणि पांढरी नाणी उरतात. पांढऱ्यांतली बहुसंख्य नाणी तांबं-निकेलच्या मिश्रणाची असतात, म्हणजे ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. १९७५ ते १९९१ चा रुपया, १९७२ नंतरचे पन्नास आणि पंचवीस पैसे, जुनं पाच रुपयांचं जाड नाणं हे सगळं त्यातलं. यात निकेल असूनही चुंबक लागत नाही. ही नाणी सालावरून लगेच वेगळी होतात.

आता साल. रोजच्या चलनातली चांदी म्हणजे मुख्यतः इंग्रजी अमदानीतली. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा ठरला. बारा भागांत अकरा भाग चांदी. हेच प्रमाण पुढे विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जच्या १९३९ पर्यंतच्या रुपयाला राहिलं. रुपया ११.६६ ग्रॅम, अधेली ५.८३, पावली २.९२, चवली (दोन आणे) १.४६. चांदीची चवली १९१७ पर्यंतच. १९१८ पासूनची चौकोनी चवली तांबं-निकेलची, ती बाजूला टाका. कंगोऱ्यांच्या कडेचा एक आणाही तसाच, त्यात चांदी नाही.

१९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन तेच. या रुपयाची कड बघा: दातांच्या मधोमध गोल फिरणारी खाच आहे आणि खाचेत बारीक नक्षी. आधीच्या रुपयांची कड नुसती दातेरी. १९४० हे साल मात्र सरमिसळीचं आहे. त्या वर्षी आधी पावली बदलली, मग अधेली आणि वर्षअखेरीस रुपया. म्हणून १९४० ची पावली किंवा अधेली निघाली तर सालावर विसंबू नका, घनता काढा.

गल्ल्यात हे रुपये इतके कमी का दिसतात, त्याचंही कारण आहे. व्हिक्टोरियाचा रुपया १९४१ मध्ये, एडवर्डचा १९४२ मध्ये आणि दोन्ही जॉर्जांचे जुन्या कसाचे रुपये १९४३ मध्ये चलनातून बाद झाले. निम्म्या चांदीची नाणी पुढे सरकारने गाळली, आणि युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी त्यातून फेडली. जे वाचलं ते घरोघरच्या डब्यांतलं. त्यामुळे आज बँकेतून चिल्लरीच्या पिशव्या आणून चाळत बसलात तर चांदी मिळणार नाही. मिळते ती जुन्या दुकानाच्या गल्ल्यात, देवघरातल्या चांदीच्या वाटीत, आजीच्या बटव्यात. तुमचा डबा म्हणूनच मोलाचा आहे.

स्वातंत्र्यानंतरची चांदी थोडी, पण आहे. गांधीजींच्या शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं, १५ ग्रॅम, ३४ मिलिमीटर. त्यावर १८६९-१९४८ लिहिलंय. ते गांधीजींच्या जन्म-मृत्यूचं साल आहे, नाणं पाडल्याचं नाही. हुबेहूब त्याच छापाचा एक रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे आहेत, ते चुंबकाला चिकटतील. नेहरूंच्या १८८९-१९६४ लिहिलेल्या नाण्यांचंही तसंच, ती निकेलची. १९७० आणि १९७१ चं "सर्वांसाठी अन्न" छापाचं दहाचं नाणंही ८० टक्के. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहाचं नाणं ५० टक्के, वजन साडेबावीस ग्रॅमच्या आसपास. याच छापाचं पन्नास पैशांचं नाणं तांबं-निकेलचं असतं, तेव्हा नीट बघा.

आणि कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं. त्यात सोनं असतं अशी जुनी समजूत आहे. ते निकेल-पितळ आहे.

काटा_०१

वर सालाचं सगळं आलंय, मी वजन आणि घनतेचं सांगतो, कारण नकली रुपया सालाने पकडता येत नाही.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, २०० ग्रॅम क्षमतेचा खिशातला काटा घ्या. आधी तपासा: दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ७५ किंवा ८० दाखवला तर काटा सपाट जागी ठेवा, सेल बदला. पंख्याखाली मोजू नका. शेवटचा आकडा नाचत राहतो.

झिजलेला अस्सल रुपया ११.३ ते ११.६५ मध्ये बसतो. ११.७५ च्या वर गेला तर संशय घ्या, कारण झिजेने वजन वाढत नाही. फक्त तोटीचा डाग, मळ किंवा मेण चिकटलं असेल तर थोडं वाढतं. तोटी म्हणजे माळेत ओवायला लावलेली कडी. रुपयांच्या माळा पूर्वी सर्रास होत्या. कडी काढली तरी डाखाचा डाग बाराच्या किंवा सहाच्या जागी राहतो. तिथे भिंगातून बघितलं की दातेरी कड बुजलेली दिसते.

आता पाण्याची चाचणी. हलक्या प्लास्टिकच्या पेल्यात अर्ध्याहून थोडं जास्त पाणी घ्या. पेला आणि पाणी मिळून १०० ग्रॅमच्या आत ठेवा. भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एकच थेंब टाका, म्हणजे बुडबुडे नाण्याला चिकटत नाहीत. पेला काट्यावर ठेवून शून्य करा. बारीक नायलॉनच्या दोऱ्यात नाणं अडकवून पूर्ण बुडेल असं हातात धरा. तळाला किंवा कडेला लागू देऊ नका, लागलं की सगळा हिशोब चुकतो. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन त्याने भागा.

जुन्या कसाच्या रुपयाची घनता १०.३ च्या आसपास येते, म्हणजे काट्यावर १.१३ दिसेल. निम्म्या चांदीच्या रुपयाची ९.५, म्हणजे १.२२. तांबं-निकेल किंवा जर्मन सिल्व्हर (नावातच सिल्व्हर, आत चांदी नाही) ८.७ ते ८.९, म्हणजे १.३१ च्या पुढे. जस्ताच्या ओतीव नकलेला तर १.६ येईल.

पावली आणि चवलीला ही चाचणी एकेकटी करू नका. पावलीचा आकडा ०.२८ येतो, त्यात ०.०१ चा फरक पडला तरी घनता ३-४ टक्क्यांनी हलते, आणि ९१.७ टक्के की ५० टक्के हेच कळत नाही. एकाच काळातल्या चार पावल्या छोट्या जाळीच्या पुडीत एकत्र बुडवा. आधी रिकाम्या पुडीचा आकडा घेऊन तो वजा करा.

चुंबक घसरवून बघायची युक्ती लोक सांगतात: नाणं तिरकं धरायचं आणि छोटा ताकदवान चुंबक त्यावरून सोडायचा. चांदीवर तो संथ उतरतो. जुन्या कसाच्या रुपयाला हे चालतं. १९४०-४५ च्या नाण्यांना नाही. निकेल आणि जस्त मिसळलं की धातूतून वीज वाहण्याचा गुण झपाट्याने कमी होतो, त्यामुळे चुंबक सरळ घसरतो आणि खरं नाणं खोटं वाटतं. उलट तांब्याच्या चकतीवर तो संथ उतरेल. म्हणून माझा भर घनतेवरच.

वाजवून बघणंही उपयोगी आहे, पण फरशीवर टाकून नाही. कडेला ठोकर बसते आणि ती कायमची. बोटाच्या टोकावर रुपया तोलून धरा, दुसऱ्या हाताने पेन्सिलने कडेला हलकेच टिचकी मारा. जुन्या कसाचा रुपया लांब वाजतो. ओतीव नकली रुपया थडकन बंद होतो. तडा गेलेला अस्सल रुपयाही बद्द वाजतो, तेव्हा फक्त आवाजावर निकाल देऊ नका.

सुदर्शन_भांडार

काळी पडलेली नाणी उजळायला सोपा उपाय: भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरा, गरम पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा, त्यात नाणी फॉइलला टेकवून ठेवा. पाच मिनिटांत पांढरी होतात. घासावं लागत नाही. निरांजन, समई, ताम्हण सगळं याने निघतं.

चवली_पावली

ताम्हणाला जरूर करा, नाण्यांना नको. सोडा-फॉइलमध्ये चांदीचा काळा थर परत चांदीत बदलतो हे खरं, पण तो थर सगळीकडे सारखा नसतो. खोलगट भागातला काळसरपणा निघतो, मुकुटाच्या आणि अक्षरांच्या कडा सपाट पांढऱ्या दिसतात, आणि नाण्याची मूळ झळाळी जाते. जाणकार माणूस अशी धुतलेली नाणी लांबून ओळखतो. निम्म्या चांदीच्या नाण्यांवर तर डाग पडतात, कारण त्यांच्यात तांबं आणि जस्तही आहे.

लिंबू, चिंच, राख, दंतमंजन आणि भांडी उजळायची पावडर यांची तर गोष्टच नको. राख आणि पावडर म्हणजे बारीक वाळू समजा, एका घासण्यात राणीच्या केसांच्या रेषा जातात. चांदी मऊ धातू आहे. काळेपणा नाण्याचं नुकसान नाही, घासणं हे नुकसान आहे.

हळदकुंकवाच्या नाण्यांपुरतं सांगतो. कोमट पाणी, त्यात सौम्य साबणाचा थेंब, दहा मिनिटं भिजत ठेवा. बोटांनीच हलवा, ब्रश नको. मग बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी दोनदा बदलून खंगाळा, ठाण्याच्या नळाच्या पाण्यातला क्लोरीन राहू देऊ नका. सुती कापडावर ठेवून टिपा, पुसू नका. सेलोटेपचा गोंद किंवा प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत तासभर ठेवा. नेलपॉलिश काढायचं द्रव चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी ठेवा, गॅस आणि देवापुढचा दिवा दोन्ही बंद ठेवा, ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते.

कोपरी_घडवणावळ

सराफीच्या बाजूचं सांगतो, त्यात नुकसान टाळायला मदत होईल.

सराफ चांदीचं नाणं दोन तऱ्हेने तपासतो. कसोटीवर घासून आम्ल लावणं ही जुनी तऱ्हा. त्यात नाण्याच्या कडेला ओरखडा जातो, म्हणून स्पष्ट सांगा: "घासायचं नाही, मशिनवर टंच काढा." टंच म्हणजे शुद्ध चांदीची टक्केवारी, मशीन म्हणजे क्ष-किरणांचं. नाणं खराब होत नाही, मिनिटभरात चांदी, तांबं, निकेल, जस्त यांची टक्केवारी कागदावर मिळते.

पण ते मशीन फक्त वरच्या अगदी पातळ थराचं मोजतं. दोन ठिकाणी चुकतं. एक, चांदीचा मुलामा दिलेला पितळी तुकडा चांगला टंच दाखवतो. दोन, १९४०-४५ चं नाणं. नाणं पाडण्यापूर्वी आम्लात उकळून वरचं तांबं काढलं की पृष्ठभागावर चांदी जास्त राहते, म्हणून कमी झिजलेलं नाणं मशीनवर ५० ऐवजी ६० किंवा ७० टंच दाखवू शकतं. झिजलेल्या उंच भागावर किरण मारायला सांगा, तिथला आकडा खऱ्याच्या जवळ असतो. आणि काटा_०१ यांची पाण्याची चाचणी जोडीला ठेवा, ती आतल्या धातूचंही बोलते.

मोडीत घालायचा प्रसंग आलाच तर हिशोब स्वतः करून जा. वजन गुणिले टंच. ११.४२ ग्रॅमचा झिजका रुपया गुणिले ०.९१७ म्हणजे १०.४७ ग्रॅम शुद्ध चांदी. किलोच्या भावाला १००० ने भागून याने गुणा. त्यातून सराफ गाळणीची घट आणि आपला नफा कापतो, तो किती ते आधी विचारा. काही ठिकाणी रुपयाला ८० किंवा ८५ टंच धरून घेतात, तिथे मशीनचा कागद मागा. तीन दुकानांत विचारल्याशिवाय देऊ नका. निम्म्या चांदीचा रुपया आणि जुन्या कसाचा रुपया एकत्र वजन करून देऊ नका, भाव पडतो तो सगळ्या ढिगाचा.

मात्र साधा पाचव्या जॉर्जचा रुपयासुद्धा चांदीच्या भावाखाली कधीच देऊ नये, आणि विरळ सालाचा तर मोडीत बिलकुल नको. वितळवलेला रुपया परत येत नाही.

वाशी_सेक्टर_१७

अमेरिकेच्या चिल्लरीचं: १९६४ किंवा त्याआधीचं साल असेल तर दहा सेंट, पंचवीस सेंट आणि अर्धा डॉलर ९० टक्के चांदीचे. वजनं २.५०, ६.२५ आणि १२.५० ग्रॅम. १९६५ पासून दहा आणि पंचवीस सेंटमधून चांदी गेली. ओळख कडेला आहे: नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड अखंड पांढरी. अर्धा डॉलर १९६५ ते १९७० मध्ये ४० टक्के चांदीचा होता, ११.५ ग्रॅम. पाच सेंटमध्ये १९४२ ते १९४५ च्या युद्धकाळातली काही नाणी ३५ टक्के चांदीची. मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठं अक्षर असेल तरच.

इंग्लंडची शिलिंग, सहा पेनी वगैरे: १९२० च्या आधीची ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ ची ५० टक्के, १९४७ पासून चांदी नाही.

आणखी एक. मुलुंड-ठाण्यात कच्छी कुटुंबं भरपूर, म्हणून गल्ल्यात कच्छची कोरी येण्याची शक्यता आहे. एका बाजूला फारसी लिपी, दुसऱ्या बाजूला नागरीत कच्छच्या रावाचं नाव. पाच कोरीचं नाणं १३.८७ ग्रॅम, ९३.७ टक्के चांदी, म्हणजे रुपयापेक्षाही कसदार. हैदराबादचा चारमिनारचा जुना रुपया ११.१८ ग्रॅम, ८१.८ टक्के. याला इंग्रजी रुपयाच्या वजनाने मोजलंत तर "कमी भरतो, खोटा" असं वाटेल. तसं नाही, त्याचं मापच वेगळं.

जांभळीनाका_गल्ला

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे निवड केली. चुंबकाला चिकटलेली ३९०० ग्रॅम, ॲल्युमिनियम ७००, पिवळी-तांबूस ५२०, उरलेली पांढरी ११८०. या पांढऱ्यांतून सालाप्रमाणे काढली ती अशी: एडवर्ड १९०७ एक, पाचवा जॉर्ज १९१७ ते १९१९ तीन, १९४४-४५ चे चार रुपये, पावल्या सहा (चार १९४० आधीच्या, दोन १९४३ च्या), चवल्या अकरा, गांधीजींचं दहाचं एक, पाच कोरी एक. शिवाय १८६२ लिहिलेला व्हिक्टोरियाचा एक रुपया.

जुन्या चार पावल्या मिळून ११.५२ ग्रॅम, पाण्यात १.१२. १८६२ चा रुपया ११.६१ ग्रॅम, पण पाण्यात १.३३ येतो. दोनदा केलं.

साठवण आणि देवघराचं विचारायचं राहिलं. यातलं एखादं लक्ष्मीपूजनाला वापरायचं असेल तर? आणि भाचीला अमेरिकेत एक रुपया भेट द्यायचा विचार आहे, तो पोस्टाने पाठवता येईल का?

काटा_०१

पावल्यांची घनता १०.२९, उत्तम. १८६२ ची ८.७३, हा रुपया चांदीचा नाही. एकदा बुडबुडे तपासून तिसऱ्यांदा करा, पण एवढा फरक बुडबुड्याने पडायला नाण्याला स्वतःच्या सहाव्या हिश्शाएवढी हवा चिकटावी लागेल. दहापट भिंगाखाली बघा: मोकळ्या जागेवर बारीक दाणे किंवा खळगे असतील आणि कडेला गोल फिरणारी पुसट रेघ असेल तर साच्यात ओतलेला आहे. १८६२ चं साल गोठवून तोच छाप पुढची बरीच वर्षं पाडला गेला, आणि खऱ्या नाण्यांत ठिपक्यांच्या संख्येवरून फरक करतात. नकली पाडणाऱ्यांना म्हणूनच हे साल आवडतं. हा रुपया फेकू नका, वेगळ्या पाकिटात "नकली" लिहून ठेवा. तुलनेला कामाला येतो.

पुढे कुणी १९३९ चा रुपया दाखवला तर याच चाचण्या करा. तो फार विरळ, म्हणून १९३८ चा आठ कोरून नऊ केलेला किंवा १९४० नंतरच्या नाण्यावर साल बदललेलं फिरतं. अस्सल १९३९ ची कड साधी दातेरी, घनता १०.३. कडेला खाच आणि ९.५ आली तर बनाव. १९११ च्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. १९११ निघाला तर मोडीच्या भावाचा विचारही नको.

कपाट_कोरडं

साठवणीवर थोडं सविस्तर लिहितो, ठाण्यात अर्धी नाणी इथेच खराब होतात.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे, नुसत्या ओलीने नाही. खाडीकाठच्या चिखलातून ओहोटीला जो वास येतो त्यात गंधकाचा वायू असतो. कोपरी, कळवा, विटावा, ऐरोलीकडच्या घरांत चांदीची भांडी लवकर काळवंडतात ती त्यानेच. घरातही गंधक असतं: रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकर, काही मखमली कापडं. रबरबँड गुंडाळून ठेवलेल्या रुपयावर काळा पट्टा उमटतो, तो जात नाही. ओल आली की हे सगळं जोरात चालतं, आणि निम्म्या चांदीच्या नाण्यांतलं तांबं हिरवं होतं.

पाकिटं निवडताना एक खूण: मऊ, लवचिक, नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक नको. ते पीव्हीसी असतं, दोन-तीन वर्षांत चिकट होऊन नाण्यावर हिरवा थर देतं. कडक, कुरकुरीत वाजणारी पॉलिएस्टरची पाकिटं किंवा दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याच्या खिडक्या (मधे पारदर्शक गोल असलेली नाण्याची पाकिटं) घ्या. रुपया ३०.५ मिलिमीटर, अधेली २४, पावली १९, चवली १५. खिडकी नाण्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठी. स्टेपलच्या पिना पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. पाकिटावर लिहायचं ते नाणं आत घालण्यापूर्वी.

मग घट्ट झाकणाचा डबा, तळाशी १०० ग्रॅम सिलिका जेलची कापडी पुडी. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की कढईत मंद आचेवर रंग परतेपर्यंत भाजा, गार झाल्यावरच परत ठेवा. जून ते सप्टेंबर दर तीन आठवड्यांनी बघा. नाणी भरायचं काम मात्र मे महिन्यात, कोरड्या दुपारी करा. पावसाळ्यात डबा बंद केला तर ओल आतच कोंडली जाते. प्लायवूडच्या कप्प्यात उघडी नाणी नकोत, त्याच्या डिंकातून निघणारी आम्लाची वाफ धातूला बाधते.

लक्ष्मीपूजनासाठी १९४४-४५ च्या रुपयांतला सर्वात झिजलेला एक कायमचा देवघराला द्या. हळदकुंकू, पंचामृत, अक्षता त्यालाच. पंचामृतातलं दही आणि मध खाचेत राहिले की तिथे डाग धरतो, म्हणून पूजा झाली की त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन टिपा. बाकीची नाणी ताम्हणात काढूच नका.

चवली_पावली

भाचीचा रुपया: १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. पोस्टाने नाही, बॅगेतूनही नाही. तुमच्याकडचे १९०७ आणि १९१७-१९ चे रुपये त्यात बसतात. १९४४-४५ चा रुपया त्यात येत नाही, पण पाठवण्याआधी टपाल आणि सीमाशुल्काचे चालू नियम बघा. भाची दिवाळीला आली तर देवघरातल्या रुपयासोबत तिचाही एक वेगळा काढून ठेवा, हे जास्त सोपं.

विकायची घाई नको. "जुन्या नाण्याला लाखो रुपये" असे संदेश येतात. नोंदणी शुल्क किंवा कर आधी भरा म्हणणारा प्रत्येकजण फसवणारा समजा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. गल्ल्यातली गांधीजींची निकेलची नाणी, १९७५ चे रुपये यांना हौशी लोकांत थोडीफार मागणी असते, लाखांची नसते. चालू नाणी वितळवणं, तोडणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ३९०० ग्रॅमचा ढीग भंगारात घालू नका. चलनात असलेली दुकानात वापरा. पंचवीस पैसे आणि त्याखालची ३० जून २०११ नंतर चलनात नाहीत, ती डब्यातच.

खरं नाणं डोळ्यांत बसवायचं असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय बघून या. भिंग घेऊन जा आणि काठाच्या नक्षीकडे नीट बघा. परत येऊन तुमच्या चार १९४४-४५ च्या रुपयांवर L अक्षर आहे का ते शोधा. असेल तर तो लाहोर टाकसाळीचा, आणि त्याला वेगळी खिडकी द्या.